सही एकीची, वाक्यं बाराजणांची

कोर्टाच्या मागच्या दाराशी, जिन्याखालच्या तिरक्या जागेत मावशी बसते. जागा अशी की उंच माणसानं वाकूनच यावं. मावशीला त्यात काही गैर वाटत नाही. आत न्यायाधीशासमोर वाकायचंच आहे, थोडी सवय इथंच होऊ दे, असं तिचं म्हणणं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, दम लागल्यासारखा आवाज करणारा प्रिंटर आणि गिऱ्हाइकाची खुर्ची, एवढाच पसारा. सोबत आलेल्या माणसाला ती बाहेर उभं करते. ते आत आलं की तेच बोलायला लागतं आणि ज्याचं दुखणं तो गप्प बसतो, हा एकवीस वर्षांचा अनुभव.

मावशी अर्ज लिहून देते. नवऱ्यापासून वेगळं राहायचंय, मुलाला भेटू देत नाहीत, घरमालक पाणी तोडतो, म्हातारीचं नाव कागदावर चुकलंय. वकिलाच्या पायऱ्या चढायची हिंमत नसलेलं माणूस आधी या जिन्याखाली येतं. मावशीचं शिक्षण नववीपर्यंत. कायदा शिकली ती दुसऱ्यांचे अर्ज टाइप करता करता. आता दोन-चार कोवळे वकील आजूबाजूला बघून हळूच विचारतात, "मावशी, हे कुठल्या कलमात बसेल हो?" मावशी आधी टोमणा मारते, मग कलम सांगते.

तिची लिहायची रीत उलटी. ती अर्ज खालून वर लिहिते. माणूस येतं ते काठोकाठ भरून येतं. सासूपासून सुरुवात करतं, लग्नाच्या दिवशी कोण रुसलं होतं तिथपर्यंत जातं. मावशी सगळं ऐकून घेते, बोटं मात्र मांडीवर. मग म्हणते, "झालं? आता एका वाक्यात सांग, कोर्टानं तुझ्यासाठी काय करावं?" इथं भल्याभल्यांची दातखीळ बसते. ते वाक्य मिळालं की कागदाच्या तळाशी आधी ते टाइप होतं, आणि मग त्याला टेकू देईल एवढीच हकीकत वर चढते. बाकीचं राहतं. मावशी त्याला 'उरलेलं' म्हणते. दहा वाक्यांत नऊ उरलेली असतात, आणि खरं दुखणं बहुतेक त्या नवातच असतं. पण कोर्टाला दुखणं लागत नाही, मागणी लागते. हा नियम मावशीनं केलेला नाही. तिनं तो फक्त लवकर ओळखला.

हे सगळं ऐकायला एक बाई अडीच वर्षं तिच्या शेजारी येऊन बसली होती. विद्यापीठातली. माणसं कायद्याशी कशी वागतात आणि कायदा माणसांशी कसा वागतो, यावर तिचा अभ्यास. हातात सतत वही, म्हणून आवारात तिचं नाव पडलं वहीवाली. पहिल्या आठवड्यात मावशीनं तिला तीनदा हाकललं. चौथ्या वेळी प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, तो वहीवालीनं बाहेर काढला, शाईनं कोपरापर्यंत काळी झाली आणि तरी हसली. मग मावशीनं बसू दिलं.

अभ्यास संपला, वहीवाली गेली आणि वर्षभरानं जाडजूड प्रबंध घेऊन परत आली. टेबलावर ठेवला तेव्हा टेबल हललं.

"किती पानं?"

"चारशे वीस."

"आणि मी कुठाय यात?"

वहीवालीनं दोनशे बारावं पान उघडून दिलं. मावशीनं चष्मा सावरून तीन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. शब्द सगळे मराठीच होते, पण एकमेकांच्या ओळखीचे दिसत नव्हते.

"हे मी बोलले?"

"तुमचंच आहे, मावशी. फक्त मांडणी माझी."

"कुणासाठी मांडलंस?"

"परीक्षकांसाठी."

"किती होते?"

वहीवाली जरा चाचरली. "तीन."

"अडीच वर्षं माझ्या कानाशी बसलीस, माझा चहा प्यालीस आणि तीन माणसांना सांगून मोकळी झालीस? अगं, आमच्या इथली अफवासुद्धा जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीनशे जणांना कळते!"

शिकलेल्या माणसांची एक खोड असते. लोकांकडून घ्यायला ती लोकांच्या दारात येतात आणि द्यायची वेळ आली की एकमेकांच्या दारात जातात. वहीवालीत मात्र बरी गोष्ट एवढी की टोमणा बसला की ती चिडायची नाही, विचारात पडायची. तिनं सांगितलं, विद्यापीठानं हा अभ्यास लोकांपर्यंत न्यायला परवानगी दिलीय, थोडी मदतही. कसा न्यावा ते मात्र सुचत नाही. व्याख्यान?

"आपल्याकडे उभं राहायला वेळ नाही, तुझ्यापुढे बसणार कोण?"

"मग प्रतीक्षा-हॉलमध्ये मोठे तक्ते लावू. चित्रं, मोजकी वाक्यं."

"भिंतीवर 'थुंकू नये' किती वर्षं लिहिलंय, बघ एकदा भिंतीकडे."

मग मावशीच म्हणाली, हॉलमध्ये बसलेली माणसं वाचत नाहीत, कारण ती ऐकत असतात. कुठल्याही क्षणी आपल्या नावाचा पुकारा होईल, म्हणून डोळे कुठंही असोत, कान दाराला लावलेला असतो. "द्यायचं असेल तर कानात दे."

इथून ते निघालं. कोर्टाच्या अडगळीच्या खोलीत जुने टेलिफोन पडले होते, टेबलांवरून काढलेले, काळे, जड. वहीवालीनं प्रबंधकाच्या कचेरीत आठ हेलपाटे घालून त्यातले बारा मिळवले आणि हॉलची लिफ्टशेजारची भिंत महिनाभरासाठी मागून घेतली. रिसीव्हर उचलला की एक वाक्य ऐकू यायचं. अर्जात न मावलेलं, उरलेलं वाक्य. ना नाव, ना गाव. वाक्यं वाचायला आवाज घेतला तो निवृत्त पुकारेवाल्याचा, ज्यानं तीस वर्षं त्याच हॉलमध्ये लोकांची नावं ओरडली होती. "आयुष्यभर ओरडलो," तो म्हणाला, "आता जरा हळू बोलून बघतो."

जोडणी झाली त्या दिवशी दुपारी हॉल रिकामा होता. मावशी ऐटीत आली, जणू भिंत तिच्या बापाची. पहिला रिसीव्हर उचलला. पुकारेवाला हळू आवाजात सांगत होता: "मुलगा महिन्यातून दोनदा मिळाला, पण त्याची चप्पल कुठल्या मापाची झाली ते मला दुकानात सांगता आलं नाही." मावशीनं मान डोलावली. दुसरा, तिसरा. एकेका वाक्याला ती "हां, हा तो गवंडी," "ही ती नर्स," असं पुटपुटत पुढे सरकत होती.

सातवा उचलला.

"तो मारत नाही हो. मी ताटाशेजारी चिठ्ठी ठेवते, भाजीत मीठ जास्त पडलंय. तो चिठ्ठीच्या मागे लिहितो, कळलं. चौदा महिने झाले, आमच्या घरात बोलणं ते एवढंच."

मावशीनं रिसीव्हर खाली ठेवला नाही. तो हातात तसाच धरून ती उभी राहिली, आणि आतून पुकारेवाला परत पहिल्यापासून सांगायला लागला.

ते वाक्य तिच्या धाकट्या बहिणीचं होतं.

सहा वर्षांपूर्वी धाकटी आली होती, भर कामाच्या वेळी, गिऱ्हाइकासारखी रांगेत उभी राहून. मावशीनंही तिला गिऱ्हाइकासारखंच विचारलं, कोर्टानं काय करावं? धाकटी म्हणाली, "त्यानं बोलावं." मावशीला सांगावं लागलं, कोर्ट त्याला पोसायला लावेल, नांदवायला लावेल, बोलायला नाही लावू शकत. कागदावर एक अक्षर उमटलं नाही. धाकटी पाणी पिऊन घरी गेली. पुढे नवऱ्याला लिफ्टच्या देखभालीचं चांगलं काम लागलं, आणि त्याचं गेलेलं बोलणं जसं गेलं तसं परत आलं. संसार मार्गी लागला. आपली बायको एक दिवस अर्ज करायला रांगेत उभी होती, हे त्याला आजतागायत माहीत नव्हतं.

आणि या कोर्टाची लिफ्ट दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासायला तोच येतो. लिफ्टचं दार आणि सातवा टेलिफोन, मध्ये अंतर चार पावलांचं.

हे वाक्य भिंतीवर आलं कसं, ते मावशीला आठवायला वेळ लागला नाही. एका रिकाम्या दुपारी वहीवालीनं विचारलं होतं, कधी असं झालं का, की मागणीच सापडली नाही? मावशी रंगात आली होती. "एक बाई आली होती," असं म्हणून तिनं चिठ्ठीची हकीकत सांगितली. चांगलं वाक्य सांगताना माणसाला जी गुदगुली होते ती तिलाही झाली. पुढे वहीवालीनं संमतीचा कागद पुढे केला. समोर घडलेल्या गोष्टींसाठी तिनं ज्याची त्याची संमती घेतली होती. पण या बारा वाक्यांची माणसं तिनं पाहिलीही नव्हती, ती सगळी मावशीच्या तोंडून आलेली. म्हणून सही मावशीची घेतली. आणि जी मावशी बायकोच्या अर्जावर नवऱ्याला सही करू देत नाही, आईच्या अर्जावर लेकाला करू देत नाही, तिनं बाराजणांच्या वतीनं एक झोकदार सही ठोकून दिली. कुणी हात धरला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"सातवा काढ," ती वहीवालीला म्हणाली.

"का? मावशी, तो सगळ्यात चांगला आहे."

"माझ्या बहिणीचा आहे."

वहीवालीचा चेहरा उतरला. ती थोडा वेळ वायरी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आपण थोडं बदलू या का? मिठाच्या जागी दुसरं काही. चौदाच्या जागी वीस महिने. कुणाला कळणार नाही."

मावशीला मोह झाला नाही असं नाही. वाक्य तिलाही सोडवत नव्हतं. मीठ काढावं, तिखट घालावं, आणि गप्प बसावं. किंवा सातवा मुकाट्यानं उतरवावा, धाकटीला कशाला कळतंय? पण दोनशे कितव्या तरी पानावर ते छापून बसलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मावशीला स्वतःला ठाऊक होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. सोमवारला पाच दिवस होते. तिनं प्रिंटर बंद केला, जिन्याखाली 'येते' अशी पाटी लावली आणि निघाली.

धाकटी चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासून चौकटीत बसवते. समोर फिरणारं चाक, त्यावर पाण्याची बारीक धार, बोटांना पांढरी भुकटी. मावशीला पाहून तिनं चाक थांबवलं.

"ताई? आज कोर्ट बंद आहे का?"

"कोर्ट चालू आहे. मीच बंद आहे." मावशीनं स्टूल ओढलं आणि एरवी दुसऱ्यांना जे सांगते ते स्वतः केलं, शेवटापासून सुरुवात केली. "मला तुझी माफी मागायची आहे. का, ते आता सांगते."

सांगून झालं. धाकटीनं हातातली काच फडक्यानं पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

"तू लिहिलंस?"

"नाही. सांगितलं. लिहिलं दुसरीनं."

"माझं नाव घेतलंस?"

"छे! एक बाई म्हणाले."

"म्हणजे आवारात सगळ्या बायकांत मी एकटीच 'एक बाई' झाले." धाकटीचा आवाज चढला नाही, आणि तेच मावशीला सोसवेना. "ताई, मी तुझ्याकडे का आले होते ठाऊक आहे? वकिलाकडे जाता आलं असतं. शेजारच्या गल्लीत बसतो तो. मी तुझ्याकडे आले, कारण म्हटलं, आपल्या माणसाच्या पोटात राहील."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणजे काय? मला ते ऐकायचंय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती आली. वहीवाली भिंतीला लागून अंग चोरून उभी. धाकटीनं सातवा रिसीव्हर उचलला, एकदा ऐकलं, परत ऐकलं. मावशीला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"आवाज चांगला आहे," ती म्हणाली. "पण मी 'मारत नाही हो' असं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, त्यानं मारलं असतं तर बरं, निदान काही सांगता आलं असतं. ते तू गाळलंस."

खरंच गाळलं होतं. ते वाक्य चारचौघांत सांगायला तिचीच जीभ रेटली नव्हती.

वहीवाली पुढे आली. "चूक माझी आहे. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही म्हणत असाल तर तुमच्या शब्दांत, जसं होतं तसं—"

"नको," धाकटी म्हणाली. "खरं होतं तेव्हा जिला सांगायचं होतं, तिला सांगितलं. आता मला ते कुणाच्याच कानात नकोय. काढा." मग रिसीव्हर जागेवर ठेवून तिनं भिंतीवरच्या बाकीच्यांकडे पाहिलं. "हे अकरा? यांना विचारलंय?"

मावशी वहीवालीकडे बघायला लागली आणि वहीवाली मावशीकडे.

"शाब्बास," धाकटी म्हणाली आणि कामावर निघून गेली.

वहीवालीनं त्याच संध्याकाळी विद्यापीठाला पत्र लिहून प्रबंधातलं ते पान बदलायची परवानगी मागितली आणि उद्घाटन पुढे ढकललं. प्रबंधक तापला. महिनाभराची भिंत दिलीय, तुम्ही ती रिकामी ठेवताय? मावशी त्याला म्हणाली, "साहेब, तुमच्याकडे तारखा पडतात, तशी आमचीही एक पडली. त्यात काय एवढं?" त्यानं भिंतीचा महिना पुढे सरकवला, कारण त्याच्याकडे त्या दिवशी एकशे चाळीस तारखा पडल्या होत्या.

मग तीन आठवडे मावशी आणि वहीवाली दुपारी तीननंतर जुन्या अर्जांवरचे पत्ते घेऊन फिरल्या. दारं ठोठावली. घरातल्या दुसऱ्या कुणाला संशय येऊ नये म्हणून मावशी मोठ्यानं म्हणायची, "कागदावर एक सही राहिलीय," आणि माणूस बाहेर आलं की कोपऱ्यात नेऊन खरं सांगायची. गवंडी पायाडावरून खाली उतरला, डोकं खाजवून म्हणाला, "चपलेचं? ठेवा की. आता तर पोरगं माझ्याच चपला घालतंय." नर्स म्हणाली, ठेवा, पण बाईच्या आवाजात हवं, आणि स्वतःच वाचून दिलं, पहिल्याच फटक्यात. एका म्हातारीनं मावशीला दारातच फैलावर घेतलं. "मी तुझ्यापुढे रडले ते रडले, आता भिंतीला लावून रडवतेस?" मावशीनं तिच्या पायरीवर बसून सगळं ऐकून घेतलं. मध्येच उलट बोलायची तिला जन्मजात खाज, पण त्या दिवशी दाबली. दोघं घर सोडून गेले होते, त्यांचा पत्ता लागला नाही. एकानं दार उघडलं, ऐकलं आणि एक शब्द न बोलता लावून घेतलं. त्यालाही नाहीच धरलं.

बारातले सात उरले. भिंतीवर पाच रिकामे खिळे राहिले, आणि पहिल्याच दिवशी लोकांनी त्यांवर छत्र्या आणि पिशव्या टांगल्या. वहीवाली हळहळली. मावशी म्हणाली, "बघ, तेही उपयोगाला आले."

लोक मात्र ऐकायला लागले. सुरुवातीला फोन बिघडलाय का म्हणून उचलायचे, मग कानाला धरून तसेच थांबायचे. एक वकील तिसऱ्या रिसीव्हरशी इतका रेंगाळला की त्याच्या अशिलाचं नाव दोनदा पुकारलं गेलं. एक बाई मावशीकडे आली आणि म्हणाली, "मागणी आधी ठरवून आलेय. त्या फोनवाल्यांचं ऐकलं मी." मावशीला आतून उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा तिनं सरकारी ठेवला. चारशे वीस पानांनी जे तीन माणसांना कळवलं, ते आता रोज दीड-दोनशे कानांत जात होतं, आणि वाक्य ज्याचं त्याला ठाऊक होतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी धाकटीचा नवरा आला. लिफ्टचं दार उघडं टाकून, हाताला वंगण लागलेलं, त्यानं सातव्या जागी लावलेला रिसीव्हर दोन बोटांनी उचलला. आत आता नर्सचं वाक्य होतं. मावशी लांबून पाहत होती, तिथं धाकटीचं काही नाही हे माहीत असूनही. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिच्याकडे येऊन म्हणाला, "रोज हे असलं ऐकता तुम्ही? झोप कशी लागते?"

"तुमच्या लिफ्टसारखं," मावशी म्हणाली. "सगळ्यांना घ्यायचं आणि ज्याच्या त्याच्या मजल्यावर सोडायचं."

तो हसला, हत्यारं उचलून गेला. हे उत्तर आपल्या तोंडी शोभत नाही, हे मावशीला तो गेल्यावर जाणवलं आणि तिनं स्वतःलाच एक शिवी घातली.

धाकटी रागावली नव्हती. रागावली असती तर परवडलं असतं. ती फोन उचलायची, बरी आहेस का विचारायची, स्वतःचं विचारलं की "चाललंय" म्हणायची. पूर्वी पाऊण तास बोलणारी बहीण आता चार मिनिटांत ठेवून द्यायची. मावशीनं विनवण्या केल्या नाहीत. तिला त्या जमत नाहीत. दर रविवारी फोन मात्र केला, चार मिनिटं तर चार मिनिटं. भिंतीचा महिना संपला, टेलिफोन उतरले, पुढे दुसऱ्या कोर्टानं मागितले. त्यानंतरही आणखी दोन महिने असेच गेले.

मग एका सुट्टीच्या सकाळी धाकटी मावशीच्या घरी आली. मावशीच्या चष्म्याचा दांडा सैल झालाय असं तिला फोनवर कळलं होतं, तेवढंच निमित्त. पिशवीतून इवलासा पेचकस काढला, खिडकीत बसून स्क्रू घट्ट करायला लागली. मावशी चष्म्याशिवाय आंधळी, समोर नुसता धूसर आकार.

"ताई," तो आकार म्हणाला, "एक सांगायचंय. पण तुझ्यातच ठेव."

"सांग."

धाकटीनं सांगितलं. बराच वेळ सांगत होती. मावशीनं मध्ये एकदाही विचारलं नाही की मग तुला काय हवंय. सांगून झाल्यावर धाकटीनं चष्मा तिच्या नाकावर ठेवला, कानामागे दांडे नीट बसवले आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी वहीवाली जिन्याखाली डोकावली. नव्या कोर्टासाठी तिला आणखी पाच वाक्यं हवी होती, या वेळी ज्याची त्याच्याकडूनच घेणार होती. तरी सवयीनं विचारलं, "काय मावशी, काही नवीन ऐकलंत?"

"काही नाही गं," मावशी म्हणाली, आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला हात करून आत बोलावलं.